खडकाची जबानी

२०१३ च्या एप्रिलमधली रात्र. अकरा वाजून गेले होते. मी पनवेलच्या घरी बॅग भरत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्रातल्या रिगवर जायचं होतं. तेवढ्यात धाकट्या भावाचा गावाकडून फोन आला. त्याच्या आवाजामागे कॉम्प्रेसरची घरघर इतकी होती, की निम्मं बोलणं अंदाजानंच समजून घ्यावं लागत होतं.

‘‘दादा, साडेचारशे फूट झालं. नुसता फुफाटा निघतोय. गाडीवाला म्हणतोय, अजून शंभर मारा, खाली पाणी लागंल. काय करू?’’

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, तेरणेच्या खोऱ्यात. पूर्वी उमरगा तालुक्यात होतं, आता लोहारा तालुक्यात आहे. शेतातला तो तिसरा बोअर. पहिले दोन कोरडे गेलेले. पाणाड्यानं तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवली होती आणि प्रत्येक फुटाला पैसे मोजले जात होते. दुष्काळ असा, की वडिलांनी खणलेली पासष्ट फुटांची विहीर माघातच तळाला गेली होती.

जमिनीखाली किती खोलीवर कोणता खडक आहे, त्यात पोकळी किती, पोकळीत पाणी आहे की तेल, हे सांगणं हाच माझा तेव्हाचा एकतीस वर्षांचा धंदा होता. समुद्रातल्या विहिरीत दर पंधरा सेंटिमीटरला एक, अशी मोजमापं हातात असल्याशिवाय मी कधी मत दिलं नव्हतं. स्वतःच्या शेतातल्या बोअरबद्दल मात्र माझ्याकडे एकही आकडा नव्हता. तरीही मी म्हणालो, ‘‘मार शंभर. एवढं केलंच आहेस, तर होऊन जाऊ दे.’’

त्या शंभर फुटांचं काय झालं, ते शेवटी सांगतो. ते नीट समजायचं, तर खडकाला बोलतं कसं करतात, ते आधी सांगायला हवं.

*

जमिनीत भोक पाडणं सोपं झालंय. साडेसहा इंचांचं, पाचशे फुटांचं भोक आज एका रात्रीत होतं. अवघड आहे ते त्या भोकात पाहणं. वर येते ती भुकटी. ती किती खोलीवरून आली, वाटेत तिच्यात काय मिसळलं, हे सांगता येत नाही. गाभा काढायचा, म्हणजे खडकाचा अखंड दंडगोल कापून वर आणायचा, तर वेळ आणि पैसा दोन्ही पुष्कळ लागतं.

यावर तोड काढली ती फ्रान्समधल्या कॉनराड आणि मार्सेल श्लुम्बर्जे या दोन भावांनी. जमिनीवर विजेचा प्रवाह सोडून खालच्या खडकांचा अंदाज घेण्याचं काम ते आधीपासून करत होतेच. तेच मोजमाप विहिरीच्या आत उतरून करावं, असं त्यांच्या मनात आलं. ५ सप्टेंबर १९२७ रोजी अल्सास प्रांतातल्या पेशेलब्रॉन इथल्या तेलक्षेत्रात आंरी डॉल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दोरावर इलेक्ट्रोड बांधून ते विहिरीत सोडले. एक-एक मीटरला थांबायचं, प्रवाह सोडायचा, आकडा वहीत लिहायचा. ते आकडे कागदावर खोलीप्रमाणे मांडल्यावर एक वेडीवाकडी रेघ तयार झाली. तोच जगातला पहिला विद्युत लॉग. फ्रेंच लोकांनी या रीतीला नाव दिलं त्याचा अर्थ होतो ‘विजेनं गाभा काढणं’. खडक जागेवरच राहतो, वर येते ती त्याची जबानी.

आज केबलच्या टोकाला लावून विहिरीत सोडायची डझनावारी यंत्रं आहेत. आम्ही त्यांना ‘टूल’ म्हणतो. त्यांतली महत्त्वाची चार-पाच इथं सांगतो.

पहिलं, गॅमा किरण मोजणारं. पोटॅशियम, युरेनियम आणि थोरियम ही मूलद्रव्यं जवळजवळ प्रत्येक खडकात थोड्याफार प्रमाणात असतात आणि त्यांतून सतत किरण बाहेर पडतात. ग्रॅनाइटात ते जास्त, आपल्या काळ्या बेसॉल्टमध्ये फार कमी. लोखंडी केसिंगमागचा खडकही या टूलला ‘दिसतो’.

दुसरं, विद्युत रोधकता मोजणारं. ठणठणीत काळा पाषाण वीज जवळपास अडवूनच धरतो. पाण्यानं भरलेला सच्छिद्र खडक ती जाऊ देतो. हे मोजमाप भोकात पाणी असेल तिथंच आणि केसिंग नसेल तिथंच करता येतं.

तिसरं, घनता मोजणारं. टूलमधूनच खडकावर गॅमा किरण सोडायचे आणि किती परत येतात ते पाहायचं. खडक जितका दाट, तितके कमी परततात. चौथं, न्यूट्रॉन सोडणारं. न्यूट्रॉनचा वेग सर्वांत जास्त मारला जातो तो हायड्रोजनच्या अणूवर आदळून. पाण्यात हायड्रोजन असतो, म्हणून हे टूल पोकळीतल्या पाण्याचा अंदाज देतं. पाचवं, आवाजाचा वेग मोजणारं. शिवाय भोकाचा व्यास मोजणारं, तापमान मोजणारं आणि भिंतीचं चित्र काढणारं.

या सगळ्या रेघा शेजारी शेजारी ठेवून खडकाचे गुणधर्म ठरवायचे, या शास्त्राला पेट्रोफिजिक्स म्हणतात. हा शब्द रूढ केला शेल कंपनीतल्या गस आर्ची या अमेरिकी अभियंत्यानं, १९५० मध्ये. त्याआधी १९४२ मध्ये त्यानं एक सूत्र छापलं होतं आणि आमच्या धंद्याची भाकरी अजून त्याच सूत्रावर भाजली जाते. त्यामागचा विचार साधा आहे. वाळूचे कण वीज वाहून नेत नाहीत. वीज जाते ती कणांमधल्या खाऱ्या पाण्यातून. तेलही वीज नेत नाही. मग एखाद्या थरात पोकळी किती आहे ते कळलं आणि तरीही तिथून वीज जाता जात नसेल, तर त्या पोकळीत पाण्याऐवजी दुसरं काहीतरी आहे. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगनं मुंबईच्या पश्चिमेला बॉम्बे हायचं तेल शोधलं. तिथल्या चुनखडकाचा कोणता थर तेल देईल आणि कोणता नुसतं पाणी ओकेल, याचा निकाल आम्ही असाच लावत आलो.

पण आर्चीच्या सूत्राला एक अट आहे. खडकात चिकणमाती असता कामा नये. चिकणमाती स्वतःच वीज वाहून नेते आणि तेल असूनही पाणी असल्याचा भास निर्माण करते. म्हणून आमच्या उमेदवारीच्या काळात वरिष्ठ एकच गोष्ट पुन्हापुन्हा बजावत, की एका रेघेवर विश्वास ठेवू नकोस. दुसरी काय म्हणते ते बघ.

*

आता समुद्रातून दख्खनवर येऊ.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या खडकावर उभा आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा आहे. लाव्हा एकदाच आला नाही. एक प्रवाह आला, थिजला. मध्ये काही काळ गेला. मग दुसरा त्याच्यावर आला. प्रत्येक प्रवाहाच्या माथ्यावर वायूचे बुडबुडे अडकून जाळीदार खडक झाला. पोटात मात्र घट्ट, काळा पाषाण. दोन प्रवाहांमधल्या काळात माथ्यावर माती तयार झाली आणि नंतरच्या लाव्ह्यानं ती भाजून काढली. विहीर खणताना मध्येच लागणारा विटकरी गेरूचा पट्टा तो हाच. आपले विहीर खोदणारे लोक हे सगळं ओळखून आहेत. वर माती, मग मुरूम, मग फत्तर. आणि बुडबुड्यांच्या जागी पांढरे-हिरवट खडे भरलेल्या खडकाला त्यांनी मांजऱ्या हे छान नाव दिलंय.

तेलाचं शास्त्र घडलं ते वाळूच्या आणि चुन्याच्या खडकांवर. या थरांच्या केकमध्ये ते जसंच्या तसं लावलं, तर फसगत ठरलेली. गेरूच्या पट्ट्यावर टूल गेलं की रोधकता एकदम खाली येते. नवखा माणूस म्हणणार, पाणी लागलं! प्रत्यक्षात ती भाजलेली चिकणमाती असते. ओली असते, पण पाणी सोडत नाही. मांजऱ्यात गंमत आणखी वेगळी. त्यातले खडे बहुतेक झिओलाइट जातीच्या खनिजांचे असतात आणि झिओलाइटच्या स्फटिकात पाणी बांधलेलंच असतं. न्यूट्रॉनचं टूल बिचारं हायड्रोजन मोजतं; ते सांगणार, इथं पोकळी भरपूर. झिओलाइट हलका असल्यामुळे घनतेचं टूलही त्याच्याच बाजूनं बोलणार. दोन साक्षीदार एकमुखानं सांगतात आणि दोघंही चुकतात. बुडबुडे रिकामे असले तरी ते एकमेकांना जोडलेले नसतील, तर त्यांतलं पाणी बाहेर येत नाही. सच्छिद्रता वेगळी आणि पारगम्यता वेगळी. बंद खोल्यांचा वाडा कितीही मोठा असला, तरी त्यातून माणूस जाऊ शकत नाही, तसंच हे.

मग पाणी खरोखर कुठून येतं, हे कोण सांगतं? बऱ्याचदा सगळ्यात साधं टूल, तापमानाचं. खोल जावं तसा खडक हळूहळू तापत जातो. रेघ शांतपणे उजवीकडे सरकत राहते. जिथं भेगेतून पाणी आत शिरतं किंवा बाहेर जातं, तिथं ती रेघ मोडते. उष्णता खोटं बोलत नाही असं मी म्हणणार नाही, पण तिला खोटं बोलणं जरा जड जातं.

*

आमच्या भागातलं सर्वांत प्रसिद्ध भोक पाण्यासाठी पाडलेलं नव्हतं.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून लोक नुकतेच झोपले होते. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि आमच्या बाजूचं सास्तूर, होळी आणि आजूबाजूची गावं काही सेकंदांत माळवदाखाली गेली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर फूट-दोन फूट मातीचं छत. सुमारे आठ हजार माणसं गेली. माझी एक आत्या सास्तूरला दिलेली होती. तिसऱ्या दिवशी मी पोचलो, तेव्हा तिचं घर कोणतं होतं, हे शेजाऱ्यांनाही बोट दाखवून सांगता येत नव्हतं.

भूकंपाच्या तीव्रतेचा आकडा ६.२ च्या आसपास होता. जगात असे भूकंप दरवर्षी होतात. धक्का होता तो जागेचा. तेव्हाच्या अधिकृत नकाशात किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. मराठवाड्याखालचं भूकवच अतिप्राचीन, थंड आणि स्थिर, असं पुस्तकात लिहिलेलं होतं. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारीला हादरे जाणवले होते, पण त्यांतून एवढं काही निघेल असं कुणाला वाटलं नाही. भूकंपानंतर गावोगाव बोलणं सुरू झालं. कुणी म्हणे, खाली ज्वालामुखी जागा झालाय. कुणी म्हणे, माकणीच्या धरणाचं पाणी खाली उतरलं. आत्याच्या घराच्या ढिगाजवळ एका म्हाताऱ्यानं मला विचारलं होतं, ‘‘तुम्ही जमिनीत बघता म्हणं. मग आमच्या खाली काय हाय?’’ त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. लाव्ह्याच्या थराखाली काय आहे, हे तिथं कुणीच पाहिलेलं नव्हतं.

म्हणून किल्लारीला भोक पाडलं गेलं. त्याचं नाव केएलआर-१, खोली ६१७ मीटर. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेचे तेव्हाचे संचालक हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९९६ मध्ये त्याचा वृत्तान्त छापला. वरचे ३३८ मीटर बेसॉल्टचे प्रवाह. त्याखाली अवघा ८ मीटर जाडीचा गाळाचा थर. लाव्हा येण्याआधी जी जमीन होती, तिच्यावरचा. आणि त्याखाली थेट अडीचशे कोटी वर्षांच्या घरातला प्राचीन पाया. भोक संपेपर्यंतचे सुमारे २७० मीटर त्यातलेच. आठ मीटरच्या त्या गाळाच्या वर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आणि खाली अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा खडक! मधल्या काळातलं बाकी सारं झिजून गेलेलं किंवा तिथं कधी साचलेलंच नाही.

ज्वालामुखीच्या बोलण्याचा निकाल तापमानानं लावला. भोकात तापमान किती वेगानं वाढतं ते मोजायचं. वर काढलेल्या गाभ्यातून उष्णता किती सहज वाहते ते प्रयोगशाळेत मोजायचं. दोन्हींचा गुणाकार केला की जमिनीतून वर येणारी उष्णता मिळते. लॉग आणि गाभा एकमेकांना असे पूरक होतात. किल्लारीला हा आकडा आला चौरस मीटरला सुमारे ४३ मिलिवॅट. प्राचीन, थंड भूकवचात असतो, तसाच. खाली तप्त लाव्हा वर सरकत असता, तर तो याच्या कितीतरी वर गेला असता. भुईखाली ज्वालामुखी नव्हता. त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर तरी मिळालं होतं, पण ते सांगायला मी पुन्हा त्याच्याकडे गेलो नाही. ती रुखरुख अजून आहे.

उरलेलं अर्धं उत्तर जास्त गुंतागुंतीचं निघालं. जमिनीवरून केलेल्या विद्युतचुंबकीय मोजणीत भूकंपाच्या केंद्राखाली, काही किलोमीटर खोल, वीज सहज जाऊ देणारा एक पट्टा आढळला. तिथं द्रव असावा आणि त्याच्या दाबामुळे खडक तुटायला मदत झाली असावी, असा अर्थ शास्त्रज्ञांनी १९९६ मध्येच मांडला. मला ते वाचताना आमचा गेरूचा पट्टा आठवला. रोधकता कमी, इतकंच माहीत. त्याचं कारण पाणी की आणखी काही, हे एका रेघेवरून ठरत नाही. ६१७ मीटरचं भोक त्या पट्ट्यापर्यंत पोचण्याचा प्रश्नच नव्हता. शास्त्रज्ञांनी भूकंपलहरींच्या वेगासारखे इतर पुरावेही जोडून पाहिले. प्रश्न मिटला नाही, पण नेमका झाला.

आणि गाभ्याचं काय झालं? तो जपून ठेवला गेला. त्यामुळे पुढच्या पिढीतल्या संशोधकांना तो पुन्हा तपासता आला. १९९६ मध्ये ज्याला साधारण द्वीपकल्पीय नाइस म्हटलं होतं, त्याच गाभ्याची घनता आणि ध्वनीचा वेग त्यांनी काटेकोर मोजला. घनता सरासरी घनसेंटिमीटरला २.८२ ग्रॅम, वेग सेकंदाला ६.२ किलोमीटर. वरवरच्या ग्रॅनाइटी खडकाच्या मानानं हे जास्त होतं. त्यावरून त्यांनी मांडलं, की हा खडक मुळात भूकवचाच्या मध्यभागी खूप दाबाखाली आणि उष्णतेत घडलेला असून, वरचं आवरण झिजून गेल्यामुळे तो इतक्या वर आला आहे. म्हणजे आमच्या पायाखालचं भूकवच नुसतं स्वस्थ बसलेलं नव्हतं. त्यानं बराच प्रवास केलेला होता. पहिला अर्थ मांडणारे चुकले, असं मी म्हणत नाही. त्यांनी पुरावा जपला, म्हणून दुसरा अर्थ लावता आला.

नकाशाही बदलला. २००२ च्या सुधारित मानकात पहिला विभागच उरला नाही आणि लातूर-किल्लारीचा भाग तिसऱ्या विभागात गेला.

पुढं हाच विचार कोयनेला आणखी खोल गेला. तिथं ११ डिसेंबर १९६७ च्या मोठ्या भूकंपापासून आजवर लहानमोठे धक्के चालूच आहेत. कराडजवळ केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाची बोअरहोल भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली आणि गोठणे इथं पथदर्शी भोक ३,०१४ मीटरपर्यंत नेण्यात आलं. तिथं लाव्ह्याची जाडी १,२४७ मीटर भरली; किल्लारीच्या साडेतीनपटीहून जास्त. भोकाच्या भिंतीची चित्रं घेऊन, भिंत कोणत्या बाजूंनी ढासळते ते पाहून, खडकावरचा ताण कोणत्या दिशेनं आहे हे काढता येतं. भिंत ढासळणं ही तेलवाल्यांच्या दृष्टीनं कटकट. भूकंप अभ्यासणाऱ्यांच्या दृष्टीनं तीच साक्ष.

*

आता माझ्या शंभर फुटांकडे येतो.

२०१३ चा तो बोअर साडेपाचशे फुटांवर थांबला. कोरडा. त्यावर झाकण ठोकलं आणि आम्ही तो विसरलो. पुढं पाऊस झाला, दुष्काळ मागं पडला, पण वडिलांची विहीर पूर्वीसारखी राहिली नाही. दसऱ्याला काठोकाठ दिसायची आणि संक्रांतीला तळ गाठायची. भाऊ म्हणायचा, शिवारात बोअर लई झाले, त्यांनीच ओढून घेतलं. ते बरंचसं खरंही होतं.

निवृत्तीनंतरच्या एका दिवाळीत मी गावी गेलो. भूविज्ञान शिकवणाऱ्या एका मित्राकडून छोटा लॉगिंगचा संच मागून आणला होता. हातानं फिरवायचा रहाट, दोनशे मीटर केबल, गॅमा, रोधकता आणि तापमान. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं भाऊ त्या झाकण ठोकलेल्या बोअरवर बसलो. आत पंचेचाळीस फुटांवर पाणी होतं. भावाला आनंद झाला. मला मात्र शंका आली.

केबल सोडली. रोधकतेच्या रेघेवर प्रवाह एकेक करून उमटत गेले. फत्तर, गेरू, मांजऱ्या, पुन्हा फत्तर. एकशे चाळीस फुटांवर रेघ खोल खाली गेली. भाऊ म्हणाला, इथंच पाणी! मी म्हणालो, तो गेरू आहे, थांब. मग तापमानाची रेघ पाहिली आणि माझ्या पोटात गोळा आला. अठ्ठावन्न फुटांपासून पाचशे दहा फुटांपर्यंत ती जवळजवळ सरळ उभी होती. साडेचारशे फुटांच्या अंतरात आमच्याकडे तापमान तीन अंशांच्या आसपास वाढायला हवं. ते वाढलंच नव्हतं. पाचशे दहाच्या खाली गेल्यावर मात्र रेघ नेहमीसारखी सरकू लागली.

याचा अर्थ लावायला पुस्तक काढावं लागत नाही. अठ्ठावन्न फुटांवरच्या सांध्यातून पाणी आत शिरत होतं आणि बोअरमधून खाली वाहत जाऊन पाचशे दहा फुटांवरच्या भेगेत नाहीसं होत होतं. वाहतं पाणी वरचं तापमान सोबत घेऊन जातं, म्हणून रेघ सरळ. आणि अठ्ठावन्न फुटांवरचा तो सांधा म्हणजे वडिलांच्या विहिरीला पाणी देणारा झराच. विहीर तिथून सत्तर पावलांवर होती. दुष्काळात सांधा कोरडा होता, म्हणून बोअर कोरडा वाटला. पाऊस पडल्यावर आमचं स्वतःचं भोक आमच्याच विहिरीचं पाणी पाताळात नेऊन सोडत होतं.

साडेचारशे फुटांवर थांबलो असतो, तर ती भेग लागली नसती. भावाला आठवलं, ‘‘पाचशेच्या पुढं जरा वेळ फुफाटा यायचा थांबला होता, दादा. गाडीवाला म्हणला, काय नाय, पोकळी असंल.’’ म्हणजे खडकानं त्याच रात्री सांगितलं होतं. लिहून घ्यायला कुणी नव्हतं.

आम्ही तो बोअर पाचशे दहाच्या वरपर्यंत चिकणमाती आणि सिमेंटनं बुजवला. त्यानंतरच्या वर्षांत विहिरीत मार्चअखेरपर्यंत पाणी राहिलं. भाऊ गावभर सांगत सुटला, की दादानं विहीर जिवंत केली. मी त्याला म्हणालो, पाऊसही बरा झालाय. एका रेघेवर निकाल देऊ नको. सलग तीन-चार वर्षं पाण्याची पातळी लिहून ठेव, मग बोलू. आता तो दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दोरीला दगड बांधून पातळी मोजतो आणि पंचांगाच्या पानावर लिहून ठेवतो.

*

किल्लारीच्या एका भोकानं एवढं सगळं सांगितलं, कारण त्यातून निघालेला प्रत्येक मीटर कुणीतरी वाचला, लिहिला आणि जपून ठेवला. त्याच मातीत त्यानंतर आपण किती भोकं पाडली? प्रत्येक शिवारात पाच-पन्नास. खोलीनं पाहिलं, तर त्यांतली कित्येक किल्लारीच्या भोकाच्या पाव भागापर्यंत, काही तिसऱ्या भागापर्यंत गेलेली. त्यांची जबानी कुठं आहे? गाडी निघून गेली, भुकटीचा ढीग पहिल्या वळवानं धुऊन गेला. उरलं ते कर्ज आणि झाकण ठोकलेला पाइप.

२००९ च्या महाराष्ट्राच्या भूजल कायद्यानं ६० मीटर आणि त्याहून खोल विहिरीला खोल विहीर ठरवून तिच्यावर बंधनं घातली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. ही कामं मोलाची आहेत. पण प्रत्येक शेतकऱ्याच्या बोअरमध्ये टूल सोडता येणार नाही, हे मलाही कळतं. त्याची गरजही नाही. दर दहा फुटांना भुकटीची एक मूठ पिशवीत भरून वर खोली लिहायची. रंग कुठं बदलला, फुफाटा कुठं थांबला, ओल कुठं आली, रॉड कुठं भरभर उतरला, हे वहीत टिपायचं. गावातले दहा बोअर असे लिहिले गेले, तर अकराव्याच्या वेळी कुणाला नारळ हातावर घेऊन फिरावं लागणार नाही. आणि झिरपणारं वरचं पाणी खालच्या कोरड्या भेगेला कुठं मिळतंय, हेही कळेल.

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या शेतात बोअरची गाडी आली होती. रात्री भावानं फोन केला. मागं तीच घरघर. मला वाटलं, आता तोच जुना प्रश्न येणार.

तो म्हणाला, ‘‘दादा, मी वही घेऊन बसलोय इथं. दोनशे तीस फूट झालं. मघाशी तांबडं निघत होतं, आता पांढऱ्या खड्याचं निघतंय. काय लिहू?’’

‘‘जे दिसतंय तेच लिही,’’ मी म्हणालो. ‘‘अर्थ मागाहून लावू.’’